अर्ध्याचे अर्धे

माहूरगडावर नांदणाऱ्या श्रीरेणुकामातेच्या चरणी मस्तक ठेवून, आणि शब्द व अर्थ यांची ओळख ज्यांनी मला करून दिली त्या माझ्या पित्याचे स्मरण करून, मी हे प्रकरण लिहावयास बसले आहे. आज अविधवा नवमी. सकाळी आईचे श्राद्ध यथासांग झाले, पानावर बसलेल्या सवाष्णीची ओटी भरून झाली, आणि दुपारी माझा धाकटा भाऊ वसंत ओसरीच्या खांबाला टेकून म्हणाला, "ताई, सगळे म्हणतात लहानपणी मी आईकडे जातच नव्हतो. मला त्यातलं काहीच आठवत नाही. तू एकदा लिहून ठेव." त्याचे केस आता पांढरे होऊ लागले आहेत, पण धाकटा तो धाकटाच, त्याची मागणी मोडवत नाही. म्हणून नांदेडच्या या घरात बसून मी लातूरच्या त्या उन्हाळ्याकडे आणि त्याला लागून आलेल्या कोरड्या श्रावणाकडे पाहते आहे.

लातूर तेव्हा नुकतेच जिल्ह्याचे गाव झाले होते. कचेऱ्यांच्या पाट्या रंगवणारे लोक शिडीवर चढलेले दिसत. जुन्या नावावर पांढऱ्या रंगाचा हात फिरे, त्यावर नवे नाव येई, आणि उन्हाने रंग उडाला की जुनी अक्षरे पुन्हा खालून डोकावत. साहेब लोक आले, त्यांच्यामागून कारकून आले, घरभाडी वाढली. पाणी मात्र वाढले नाही. टँकर गल्लीच्या तोंडाशी येऊन भोंगा वाजवी, आणि त्या आवाजासरशी बायकांच्या घागरी एकमेकींवर आदळत. त्या पितळी खणखणाटाने मला अजूनही दचकायला होते. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, एका शाळेत संस्कृत शिकवीत आणि संध्याकाळी घरच्या ओट्यावर तीन-चार विद्यार्थ्यांना न्याय आणि वैशेषिक दर्शनांचे पाठ देत. घर भाड्याचे, दोन खोल्यांचे. मागच्या अंगणात घरमालकाची एक पत्र्याची खोली होती. तीत तो बैलांसाठी कडबा भरून ठेवी. दुष्काळात त्याने बैल विकले, कडबाही विकला, आणि ती खोली रिकामी झाली. ती रिकामी झाली नसती तर पुढचे कसे घडले असते, हे मला सांगता येणार नाही.

आईच्या गळ्याला गाठ आली ती आधी कोणाच्या लक्षात आली नाही. ती मंगळसूत्राच्या जरा वर होती. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तिकडे नेऊन तिला आयोडीनचे औषध पाजले गेले. हे आयोडीन किरण टाकणारे होते. शरीरातले आयोडीन गळ्याच्या ग्रंथीकडेच धावते. तसेच हे औषधही तिथे जाऊन बसते आणि रोगाचा उरलेला अंश आतल्या आत जाळते, असे अण्णांना तिथल्या तरुण डॉक्टरांनी समजावून सांगितले. अण्णांनी ते परत आल्यावर आम्हाला जसेच्या तसे सांगितले. शिशाच्या जाड डबीतून ते पेल्यात काढले, देणारा माणूसही लांब उभा राहिला, आणि आईने ते नळीने ओढून घेतले. चव नव्हती, असे आई म्हणाली. इस्पितळातून सोडताना डॉक्टरांनी बजावले होते की तिचे कपडे वेगळे धुवा, ताट-वाटी वेगळी ठेवा, आणि घरात लहान मूल आहे तर तीन आठवडे त्याला तिच्या अंगाखांद्यावर देऊ नका. त्यानंतर भीती नाही.

वसंता तेव्हा दीड वर्षाचा होता. त्याला अंगावरून आधीच तोडले होते. आई घरात नसताना त्याला सांभाळायला नांदेडहून राधाआत्या आली होती. अण्णांची ही थोरली बहीण अकाली विधवा झालेली, हाताने कडक, सोवळ्याने त्याहून कडक. पण त्या मुलासाठी तिने रात्री जागून काढल्या, हे मी इथे प्रथम नोंदवते. आई परत आली तेव्हा आत्याने दारात विचारले, "हे अंगातलं औषध म्हंजे शिवायचं न्हाई, असंच ना?" अण्णा म्हणाले, "तसेच समज." आत्याला तेवढे पुरे होते. न शिवता राहणे, न शिवू देणे, हे तिला कोणी शिकवायला नको होते. तिने पत्र्याची खोली सारवली, खाट टाकली, एक मडके ठेवले. मागच्या दारातून वसंता अंगणाकडे निघाला की आत्या जोरात टाळी वाजवी, आणि तो थांबे. पुढे पुढे तो आपणच उंबऱ्याशी थांबून टाळी वाजवू लागला. पत्र्याच्या खोलीच्या दारातून आई उलट टाळी वाजवी. तिचा आवाज शस्त्रक्रियेने बसला होता, घोगरा झाला होता. पूर्वी ती पहाटे ज्या गळ्याने भूपाळी म्हणे तो गळा राहिला नव्हता. त्यामुळे ती बोलली की वसंता तिच्याकडे परक्याकडे पाहावे तसा पाही. टाळीला मात्र उत्तर देई.

तीन आठवडे गेले. आत्याने आदल्या दिवसापासून तयारी केली. टँकरच्या पाण्यातून दोन घागरी आईच्या न्हाण्यासाठी वेगळ्या राखल्या. त्या उन्हाळ्यात दोन घागरी म्हणजे काय, ते ज्याने पाहिले त्यालाच कळेल. शेजारून गोमूत्र आणले, पंचगव्याची वाटी सिद्ध केली, येसराच्या आमटीला फोडणी दिली. ज्वारीच्या भाकरी टोपलीत झाकून ठेवल्या होत्या. आई दारात केस सोडून उभी होती. आणि अण्णा ओट्यावरून उठून मागे आले व म्हणाले, "अक्का, थांब."

अण्णांनी डॉक्टरांना एक प्रश्न विचारला होता. तीन आठवडेच का? डॉक्टरांनी कौतुकाने कारण सांगितले होते की या आयोडीनचे दर आठ दिवसांनी अर्धे होते. अण्णा नैयायिक होते. ज्याचा नियम कळला त्याचा निर्णय दुसऱ्याच्या तोंडून घेऊ नये, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त. ते म्हणाले, "आठ दिवसांनी अर्धे, पुढच्या आठ दिवसांनी अर्ध्याचे अर्धे. आज सुमारे आठवा भाग शेष आहे. आठवा भाग म्हणजे शून्य नव्हे. आणि अर्ध्याचे अर्धे करीत गेले तर शून्य कधीच येत नाही. जोवर शेष आहे तोवर दोष आहे. लेकराचा प्रश्न आहे, अक्का."

"अरे गोविंदा, सुतकसुद्धा दहाव्याला फिटतं की!" आत्या म्हणाली.

"सुतक शास्त्राने लागते, म्हणून शास्त्राने फिटते. हे वस्तूने लागले आहे."

आत्याने पंचगव्याची वाटी खाली ठेवली. मी अकरावीत विज्ञान शिकत होते. मलाही गणित बरोबर वाटले. आम्ही सगळ्यांनी आईकडे पाहिले. आई म्हणाली, "बरं." केस बांधीत ती आत गेली. राखलेल्या घागरींतले पाणी आत्याने पुन्हा पिण्याच्या रांजणात ओतले. आम्ही जेवलो. आमटी चांगली झाली होती, आणि ती चांगली झाली आहे असे मी म्हणालेही, हे मला स्पष्ट आठवते.

यापुढचे दिवस मी सांगू पाहते तेव्हा सांगण्यासारखे हाताला काही लागत नाही. दुःख झाले असे लिहावे तर ते खरे नाही. रडारड नव्हती, भांडण नव्हते. पायाला मुंग्या येऊन पाय आपला वाटेनासा होतो, तसे ते घर झाले होते. सकाळी टँकर, मग भाकरी, मग कॉलेज. संध्याकाळी ओट्यावर अण्णांचा पाठ. रात्री कंदील मालवण्यापूर्वी मागच्या दारातून एक टाळी, उलट एक टाळी. आईला मी ताट नेऊन देई. कण्या आणि ताक असेल तर ती म्हणे, "ताक पोराला ठेव." मी म्हणे, "ठेवलंय." बोलणे तेवढेच. पुढची तपासणी दिवाळीनंतर होती, मुंबई लांब होती, आणि अण्णांचे अनुमान निर्दोष होते. रोज पूजेनंतर ते देवीपुढे अधिक वेळ बसू लागले. आज वाटते, ते शेष संपावे म्हणून प्रार्थना करीत असावेत. पण शेष कधी संपतच नाही असा त्यांचा निश्चय असेल तर त्या प्रार्थनेत त्यांनी मागितले तरी काय असेल?

आमच्या समोरच्या खोलीत बनसोडे सर नव्याने भाड्याने राहायला आले होते. ते शिरूर अनंतपाळकडचे, आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत. त्यांच्या आजोबांच्या पिढीने बौद्ध धम्म स्वीकारला होता. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि सकाळी त्यांच्या खोलीतून वंदनेचा स्वर येई. वर्गात ते कडक, पण वर्गाबाहेर थट्टेखोर होते. एकदा कॉलेजातून परतताना त्यांनी मला गल्लीत थांबवले. "सुधा, तुमच्या मागच्या खोलीत आई असतात ना तुझ्या? क्षय झाला का त्यांना?"

"नाही सर. गळ्याची गाठ होती. आयोडीन पाजलंय."

"कवा?"

"अक्षय्य तृतीयेच्या आधी."

सरांनी बोटांवर महिने मोजले. श्रावण लागलेला होता. "अन् अजून बाहेरच?" म्हणाले. मी मान हलवली. ते आपल्या खोलीकडे वळले. पण संध्याकाळी, अण्णांचे विद्यार्थी उठून गेल्यावर, ओट्याच्या पायरीशी येऊन उभे राहिले. "गुरुजी, येऊ का?"

"या सर, बसा." अण्णा मनापासून म्हणाले. विद्येचा मान अण्णा जात पाहून करीत नसत. घरातले पाणी मात्र आत्याच्या हाती होते, आणि त्याबाबत अण्णा कधी बोलतही नसत. आत्या आतून म्हणाली, "सुधे, त्या कोनाड्यातला पेला दे त्यांना." ओट्याच्या भिंतीत एक कोनाडा होता, तिथे बाहेरच्यांसाठीचा पितळी पेला असे. मी पाणी दिले. सरांनी ते प्यायले, तळाच्या घोटाने पेला स्वतःच विसळला आणि सवयीने तो पालथा घालायला कोनाड्यापाशी गेले. तिथे एक ताट होते.

"हे कुणाचं?"

"आईचं," मी म्हणाले.

"म्हंजे वहिनी अन् मी एकाच कोनाड्यात आलो म्हणायचं," असे म्हणून सर हसले. दुसरे कोणी हसले नाही. ते पुन्हा पायरीवर बसले आणि हसू बाजूला ठेवून बोलू लागले. "गुरुजी, मी लहानपणी असल्या लई कोनाड्यांतलं पाणी प्यालोय. माझ्या आजीला कुणी सांगितलं न्हवतं, की बाई, हे अंतर इतके आठवडे. वहिनींना डॉक्टरनं सांगितलंय. म्हणून विचारून राहिलो, तीन आठवडे कवाच सरले, मग त्या बाहेर का?"

अण्णांना राग आला नाही. त्यांनी आपले अनुमान शांतपणे, क्रमाने मांडले, विद्यार्थ्याला मांडतात तसे. सरांनी सगळे ऐकून घेतले. "गणितात चूक न्हाई, गुरुजी. पण गणित ज्याच्यावर लावलं ते पाहिलं न्हाई आपण."

"परमाणू नित्य आहे, असे आमचे दर्शन म्हणते. तुमचे शास्त्र म्हणते तो फुटतो. तो कसा पाहावा?"

"नाव एक, वस्तू निराळी. तुमचा परमाणू शेवटचा कण. आमचा अणू म्हंजे घर हाय, त्यात माणसं हायत. औशाच्या किल्ल्याएवढा अणू केला, तर मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढं त्याचं केंद्रक. बाकी सगळं मोकळं मैदान. पण जवळजवळ सगळं वजन त्या दाण्यात. त्यात दोन जातीचे कण, प्रोटॉन अन् न्यूट्रॉन. प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, भाऊबंदांसारखे."

"भाऊबंद बरे असतात एखादे," आत्या आतून म्हणाली. ती दुसऱ्या दिवशीच्या नागपंचमीसाठी कढईत ज्वारीच्या लाह्या फोडत बसली होती.

"असतात की, आत्याबाई. म्हणून तर घर टिकतं! ढकलाढकलीहून मोठा एक बंध असतो, तो समद्यांना धरून ठेवतो. पण दोन्ही जातींचं प्रमाण बिघडलं, तर घर डळमळतं. वहिनींना दिलेल्या आयोडीनमध्ये न्यूट्रॉन जास्तीचे. कधीतरी त्यातला एक न्यूट्रॉन बदलून प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो, किरण निघतो. मग ते आयोडीन राहतच न्हाई. झेनॉन नावाचा वायू होतो, निरुपद्रवी. आता घटकाभर कुणी बोलू नका. आत्याबाईंची कढई ऐका."

आम्ही ऐकले. आधी तडतड इतकी दाट होती की एक लाही दुसरीपासून वेगळी काढता येईना. मग ती विरळ झाली. मग एक, मग थांबून एक. मग बराच वेळ काही नाही, आणि अचानक आणखी एक. आत्याही हातातले फडके कढईवर धरून तशीच बसली होती.

"आता कोणता दाणा फुटंल, हे सांगता येतं का, आत्याबाई?"

"ते कोण सांगंल? पन्नास वर्सं फोडून राहिले मी."

"केंद्रकाचंबी तसंच. कोणतं आत्ता फुटंल, कोणतं महिन्यानं, हे कुणालाच सांगता येत न्हाई. फक्त लाखो-करोडो असले म्हंजे त्यातले अर्धे किती दिवसांत फुटतील, हे पक्कं सांगता येतं. कढईत खाली जाळ असतो, तिथं तोबी नसतो. तापवलं म्हणून लवकर न्हाई, पंचगव्यानं लवकर न्हाई, अन् बाईला बाहेर ठेवलं म्हणूनबी लवकर न्हाई. पण गुरुजी, हे पाहा: एकेक दाणा अख्खा असतो. तो फुटतो किंवा फुटत न्हाई. अर्धा दाणा फुटला, असं होत न्हाई. म्हणून अर्ध्याचं अर्धं हे सदा चालत न्हाई. मोजके दाणे उरतात, मग चार उरतात, मग एक, मग तोबी जातो. शिवाय औषधाचा बराच भाग पहिल्या काही दिवसांतच लघवीवाटे निघून गेला. आज वहिनींच्या अंगात उरलं असंल, ते न फुटलेल्या गणंगांएवढं."

"तरी उरले आहे," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज हट्टाचा नव्हता. ज्याला चुकायची भीती वाटते त्या माणसाचा होता.

"उरलंय. मग आता दुसरं ऐका. आपल्या भाकरीत, भाजीत पोटॅशियम असतं. त्यातल्या थोड्या अणूंची केंद्रकं अशीच फुटणारी, सृष्टी झाली तवापासूनची. तुम्ही जेवलात, मी जेवलो. ह्या घटकेला आपल्या प्रत्येकाच्या अंगात दर सेकंदाला शेकडो-हजारो फुटून राहिलीत. वहिनींच्या, ह्या वसंताच्या, समद्यांच्या."

"माझ्याही?"

"तुमच्याही, गुरुजी. सोवळं नेसलात तरी."

आत्याने आत कढई उतरवली. अण्णांची मान खाली होती, आणि बोटे जानव्याच्या गाठीवर थांबली होती. ते बोलू लागले तेव्हा सरांकडे पाहून नव्हे, समोर विद्यार्थी बसले आहेत अशा रीतीने बोलले. पदार्थाचे तुकडे अनंत काळ होत राहतात असे मानले तर काय आपत्ती येते? तर मेरू पर्वत आणि मोहरीचा दाणा समान ठरतात; कारण दोघांचेही तुकडे अनंत, मग लहान-मोठे म्हणायचे कशावरून? म्हणून विभाग कुठेतरी थांबतो असे मानावे लागते. न्यायशास्त्रातला हा पहिल्या वर्षाचा पाठ. "हा पाठ मी अर्धे आयुष्य देतो आहे," अण्णा म्हणाले. "आणि माझ्याच घरात मी मेरूला आणि मोहरीला एकच माप लावले. डॉक्टरांनी पर्वतापासून जपायला सांगितले होते. मी मोहरीसाठी तिला बाहेर ठेवले."

ते उठले आणि घरातून मागे गेले. मी वसंताला कडेवर घेऊन त्यांच्या मागे गेले. आई खाटेवर बसून गहू निवडत होती. अण्णा उंबऱ्यावर न थांबता आत गेले. "इंदू, घरात ये."

"आज?"

"आत्ता. माझी चूक झाली."

आईने सूप खाली ठेवले. "आंघोळ करायची का आधी?"

"नको."

"गोविंदा, निदान पायावर पाणी तरी..." आत्या मागच्या दारात उभी राहून म्हणाली.

"अक्का, पाणी प्यायला राहू दे."

आई अंगण ओलांडून आली. आत येऊन ती कुठे बसावे हे न कळल्यासारखी उभी राहिली. मग भिंतीशी बसली. अण्णांनी माझ्या कडेवरून वसंताला उचलले आणि स्वतःच्या हातांनी तिच्या मांडीवर ठेवले. त्याने अंगाची कमान केली, किंचाळला आणि दोन्ही हात आत्याकडे पसरले. आई म्हणाली, "घ्या वन्सं, भितंय ते." आणि तिनेच त्याला उचलून आत्याकडे दिले. तिच्या चेहऱ्यावर काही बदलले नाही. माझ्याही बदलले नसावे. आत्या मात्र वसंताला पोटाशी धरून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

या गडबडीत सर केव्हा उठून गेले, ते कळले नाही. रात्री आत्याने कोनाड्यातले आईचे ताट आणले, राखेने घासले आणि आमच्या ताटांच्या उतरंडीत ठेवले. पेला तिथेच राहिला. मी तो पाहिला, अण्णांनीही पाहिला. एक अंतर किती आठवड्यांचे ते आम्हाला त्या संध्याकाळी शिकवले गेले होते. दुसऱ्याचा हिशेब कोणी मागितला नाही, आणि शिकवणारा माणूस समोरच्या खोलीत दिवा लावून वाचत बसला होता. तो पेला अण्णांनी पुढे स्वतः उचलून आत आणला, आत्याशी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलून; पण ते हिवाळ्यात. त्या दिवशी नाही. आई-वडिलांविषयी लिहिताना भक्तीने लिहावे, हे मला मान्य आहे; परंतु भक्ती म्हणजे गाळणे नव्हे, असे मला त्यांनीच शिकवले.

नागपंचमी झाली. आई घरात वावरू लागली, परंतु वावरताना भिंतीच्या कडेकडेने चाले. वसंता जवळ आला की ती आपले हात पदराखाली घेई. त्याला भरवायची वेळ आली की ती घास करून वाटी आत्याकडे सरकवी. कोणी तिला काही म्हणत नव्हते. सर एकदा गल्लीतून सांगून गेले, "वहिनी, आता भीती न्हाई बरं का," आणि ती हो म्हणाली. अण्णा तिला रोज सांगत, "घे त्याला." ती रोज म्हणे, "घेते." मला वाटू लागले होते की असेच चालणार, आणि त्याचेही मला फारसे काही वाटत नव्हते.

पोळ्याच्या आसपासची दुपार असावी. भोंगा अवेळी वाजला. आत्या आणि मी घागरी उचलून पळालो. वसंता झोपला होता, आणि आईला ओझे उचलायची मनाई होती, म्हणून तीच तेवढी घरात राहिली. रांगेत वेळ गेला. माझी पाळी आधी आली. आत्या मागे राहिली. भरलेली घागर कमरेवर घेऊन मी एकटीच परतले आणि दारात थांबले.

वसंता उठला होता. तो आईच्या मांडीवर बसला होता. कोणी बसवला नव्हता. आपणच चढला असावा. तिच्या पदराचे टोक तोंडात धरून तो चोखत होता आणि दुसऱ्या हाताने तिच्या गळ्यावरचा वण चाचपत होता. आई ताठ बसली होती. तिचे दोन्ही हात तिने अंगापासून दूर, जमिनीपासून वर, दोन्ही बाजूंना पसरून धरले होते, नुकत्याच रंगवलेल्या भिंतीला लागू नये म्हणून माणूस धरतो तसे. किती वेळ धरले होते कोण जाणे. मला पाहून ती हलली नाही. घोगऱ्या आवाजात, तो उठून जाऊ नये इतक्या हळू, तिने मला विचारले,

"सुधे, धरू का गं?"

मी तिची मुलगी. त्या घरात मला परवानगी मागावी अशी मी कोणी नव्हते. घागरीचे पाणी हिंदकळत होते आणि ते सांडू नये, एवढेच त्या वेळी माझ्या मनात होते, हे मी खरे तेच लिहिते.

"धर," मी म्हणाले.

तिने हात आणले. आधी एक, मग दुसरा.

वसंता, तू विचारलेस ते एवढेच आहे. त्यानंतर आई पुष्कळ वर्षे जगली आणि तुला तिने एवढे धरले, की तुला आधीचे आठवू नये हेच योग्य होते. हे वाचणाऱ्या सज्जनांनो, आपल्या घरातील लेकरे आपल्या हाताशी राहोत. आपल्या घागरी भरलेल्या असोत. जे अंतर राखणे प्राप्त आहे ते राखण्याचे बळ आणि जे सरले आहे ते ओळखण्याची बुद्धी श्रीरेणुकामाता आपणांस व आपल्या कुटुंबास देवो. सर्वांचे कल्याण असो.